पाच वाजताचा भाग

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सामान लागलं. छिंदवाड्याहून टेम्पो नऊला यायचा, तो साडेअकराला आला. ड्रायव्हरला दोन शब्द ऐकवले. मग मात्र त्याने एक कपसुद्धा फुटू दिला नाही. घर चांगलं आहे. पुढे बैठक, मधे स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली. तिच्या खिडकीतून कोणाच्या तरी संत्र्याच्या बागेची शेवटची ओळ दिसते, झाडं फळांनी वाकली आहेत. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून भाडी चढली, पण मुलाने, हर्षलने, घासाघीस करून जमवलं. चौतीस वर्षं शाळेत गेली, शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. हर्षलचे बाबा गेल्यावर सात वर्षं एकटीने काढली. माहेर सौंसरचं, तेव्हा हे परत येणंच म्हणायचं. मन प्रसन्न आहे.

शेजारच्या विजयमालाबाई लगेच चहा घेऊन आल्या. चहा फार गोड होता, तसं सांगितलं. त्यांचा चेहरा जरा उतरला. पण खरं ते सांगितलेलं बरं.

हर्षलने पुण्याला परतण्याआधी बैठकीत मोठा टीव्ही लावून दिला. आमची मालिका, चार मित्र मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत कंपनी काढतात ती, तिचा शेवटचा सीझन आला आहे. आधीचे चारही सीझन आम्ही मायलेकांनी मिळून पाहिले. हाही तसाच. आठ भाग, रोज संध्याकाळी पाचला एक, तो तिकडे, मी इकडे, फोन चालू. एकट्याने कोणी पुढे जायचं नाही. हा नियम माझा.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला भाग झाला. एक, दोन, तीन म्हणून दोघांनी एकदम बटण दाबलं. मालिकेतली कंपनी रांगेत तुमच्या जागी माणूस उभा करून देते. रेशन असो, दवाखाना असो. या सीझनमध्ये त्यातला मालक ती कंपनी भागीदाराला न सांगता विकायला निघाला आहे. हा दगा देणार, असं मी पहिल्या सीझनलाच म्हटलं होतं. ते हर्षलला आठवण करून दिलं. तो म्हणाला, आई, तू हसत का नाहीस? मी म्हटलं, शाळेत मोठ्याने हसणाऱ्या बाईला कोणी भीत नाही, ती सवय राहिली आहे.

हर्षलही पुण्यात अशाच एका कंपनीत आहे. वीज खात्यातली नोकरी सोडून तिकडे गेला, तेव्हा मी सहा महिने त्याच्याशी नीट बोलले नव्हते. आता बोलते. पाचचा हा पाऊण तास मला हवासा वाटतो, हे त्याला सांगायची गरज नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

गुरुवारी दुसरा भाग पाहिला. काल हर्षलला मीटिंग होती म्हणून सुट्टी. आज सकाळी बसने जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाऊन आले. शनिवार, त्यामुळे गर्दी फार. परतायला सहा वाजले. हर्षलला दुपारीच कळवलं होतं की आजही जमणार नाही.

कुलूप काढत होते तर विजयमालाबाई कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, आज लय हसून राहिल्या होत्या ताई, पाच वाजता. मी हाक मारली तर आतूनच म्हणाल्या की लेकाबरोबर मालिका पाहून राहिले, उद्या या चहाला.

मी म्हटलं, मी घरात नव्हते. हातातला प्रसाद दाखवला. त्या प्रसादाकडे पाहून हसल्या, जणू मी थट्टा करते आहे.

टीव्ही आपोआप लागला असेल. ही नवी यंत्रं अशी लागतात.

९ नोव्हेंबर, रविवार

पाचला फोन केला, म्हटलं, तिसरा भाग लाव. हर्षल म्हणाला, तिसरा कसला? सात झाले की आपले.

मी विचारलं, कोणाबरोबर? तो म्हणाला, तुझ्याबरोबर. शुक्रवारी दोन, काल तीन. तूच म्हणालीस, मीटिंग झाली असेल तर लाव पुढचा. पाचव्या भागात तर तू इतकी हसलीस की मला मधे थांबवावं लागलं. आठवा भाग मी तिकडे येऊन तुझ्या शेजारी बसून पाहायचा, असंही ठरलं.

मी त्याला खोटं बोलू नको म्हटलं. नियम मोडलास तर मोडलास, कबूल कर. मग त्याने त्याच्या फोनमधल्या नोंदींचा फोटो पाठवला. माझा नंबर. शुक्रवारी एक तास बत्तीस मिनिटं. शनिवारी साडेतीनपासून दोन तास दहा मिनिटं.

माझ्या फोनमध्ये त्यातलं एकही नाही. शनिवारी पाच वाजता मी बसमध्ये उभी होते, फोन पिशवीत होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कामवाली मीना दोन दिवस आली नव्हती. आज आल्यावर विचारलं तर म्हणाली, मॅडम, तुमीच त सांगितलं, लेकराले ताप आहे त घरी राय. खिचडीसाठी तांदूळही दिले ना डब्यात.

मी असं कधी केलं नाही. करायला हवं होतं, ते वेगळं. घरातला डबा पाहिला. तांदूळ कमी होते.

जाताना ती दारात थांबली. म्हणाली, रविवारी होत्या तशाच राहा ना मॅडम, बरं वाटते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज हर्षलला स्पष्ट सांगितलं की या घरात कोणीतरी माझ्या आवाजात बोलतं. तो हळू आवाजात म्हणाला, आई, तू थकली आहेस. कंपनी बंद झाल्याचं मी सांगितलं तेव्हापासून तू काळजी करून राहिली असशील.

मला ठाऊक नव्हतं. ऑगस्टमध्येच बंद झाली. तीन महिने तो मला मीटिंग आहे म्हणून सांगत होता, आणि शुक्रवारी दोन भागांच्या मधे त्याने तिला सगळं सांगितलं. तो रडला. तो म्हणाला, "तू एक शब्द बोलली नाहीस आई. नुसतं ऐकलंस. मला वाटलं होतं तू म्हणशील, मी आधीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, मी आधीच सांगितलं होतं.

तोंडातून गेलंच. त्याने फोन ठेवला.

माझा मुलगा रडला, आणि माझ्यापाशी नाही. मालिकेतल्या त्या मालकाने कंपनी विकायला काढली, ती निदान परक्याला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच वाजता मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. ऊन अजून खिडकीत होतं. बैठकीतून माझा आवाज आला. माझाच, पण सैल. हो रे बाळा, म्हणाला. मी हर्षलला बाळा म्हणत नाही.

धावत गेले. कोणी नाही. टीव्हीवर आठवा भाग सुरुवातीलाच थांबवलेला. खुर्चीची गादी गरम होती.

टीव्हीची वायर काढली. फोन उशाखाली घेतला आहे. हर्षल उचलत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पोस्टात गेले होते, अर्धा तास. परत आले तर विजयमालाबाई माझ्या ओट्यावर, हातात माझा कप. दार उघडं, आत कोणाशी तरी बोलून हसत होत्या. मी फाटक उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि विचारलं,

"कोण पायजे तुमाले?"

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, मॅडम आत हायेत, थांबा, विचारते.

मी त्यांना ढकलून आत शिरले. घर रिकामं. मागच्या खोलीपर्यंत गेले. मागे दार लागलं.

कडी बाहेरून आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोन उशाखाली नाही. खिडकीला गज. बागेत कोणी नाही. रात्रभर हाका मारल्या, आवाज बसला.

सकाळी मीना आली. भांडी घासली. मी दार वाजवलं. तिने विचारलंसुद्धा नाही —

अकराला हर्षल आला. चपला काढल्या, एक इथे एक तिथे, आवाजावरून कळतं. मी हाक मारली. उरलेल्या सगळ्या आवाजाने.

त्याने विचारलं, कोण ओरडून राहिलं? ती म्हणाली, शेजारच्या घरी टीव्ही आहे.

जेवले. भाजी त्याने दुसऱ्यांदा मागून घेतली.

पाच. आठवा भाग लागला. दोघं हसतात —

वहीची पानं फाडून दाराखालून सरकवते आहे. लिहिलेली सगळी, पहिल्यापासून. वर लिहिलं: हर्षल, कंपनीचं मला सांगायला हवं होतंस. मी ओरडले असते. मग तुला जेवायला वाढलं असतं. दार उघड.

अक्षर माझं आहे. तो ओळखेल.

टीव्ही थांबला. पानं उचलली. वाचतो आहे. पान उलटल्याचा आवाज. अजून एक.

ती सांगते आहे, वेळ जात नव्हता, म्हणून गोष्ट लिहायला घेतली —

तो अजून वाचतो आहे. हर्षल. हर्षल, दार —

बोलला. म्हणाला, भारी आहे आई, काटा आला अंगावर. पण यातली बाई फार कडक केलीस. तू कुठे अशी —

दारावर एका हाताने आपटते आहे. दुसऱ्या हाताने हे —

विचारतो, याचा शेवट कुठे आहे?

ती उठली. म्हणाली, बस तू बाळा, आणते लिहून.

कडी का