चालून कमावलेला उंडा

डिचोली. शुक्रवार, संध्याकाळ.

घाम गाळूनही ज्यांचं वजन उतरत नाही, अशा माझ्या बंधूंनो! रोजनिशीतही भाषणच. आणि बंधू कुठले, मी एकटाच.

वजन उतरल्याशिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आज नार्व्याच्या सभेत खुर्चीत बसून बोललो. आवाज चढेचना. मागची माणसं उठून गेली.

तरी वजनासाठीचा रोजचा फेरफटका मारून आल्यावर आमचा मित्रांचा घोळका नेहमीसारखा हॉटेलात शिरला. मनगटावरच्या घड्याळाने मी जाळलेल्या कॅलरी दाखवल्या. मित्र म्हणाला, "भाऊ, इतको चललंस, उंडो आनी भजी तुज्या हक्काची!" हक्क! माझ्याच भाषणातला शब्द. तो पाव भजीसकट खाल्ला. भूक होती का? नव्हती.

घरी बायको म्हणाली, "घड्याळाक सांगूक काय जाता? गुडघो तुमचो."

घड्याळ फुगवून सांगतं, हे मीच वाचलंय. शिवाय जाळलेलं सगळं परत खाल्लं, तर उतरणार काय? खरी भूक लागली तर घरी पेज असते. तो उंडा भुकेचा नव्हताच, बक्षिसाचा होता. असाच खात राहिलो तर पुन्हा उभा राहून बोलेन का? माहीत नाही.

म्हणून स्वतःलाच बजावतो: उद्या हॉटेलाच्या दारातच मित्रांना नमस्कार कर आणि सरळ घरी ये.