अण्णांनी परत दिलेला पेला

पावस,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

प्रिय मनस्विनी,

रत्नागिरीत मावशीकडे तू बरी असशील, अभ्यास चालू असेल. यापुढे ‘इकडे आम्ही सर्व मजेत’ असं लिहायचं असतं. ती ओळ मी दोनदा लिहून खोडली.

सगळं बदललं ते परवा सकाळी, अण्णांनी काढ्याचा पेला मला परत दिला तेव्हा. माझ्या वडिलांना तू गॅदरिंगला एकदाच पाहिलंयस. पानात काही टाकणारा माणूस नाही तो. महिनाभर मी दिलेला काढा तोंड वाकडं करून का होईना, शेवटच्या थेंबापर्यंत पीत होते. परवा अर्ध्यावर पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “राहू दे रे आता.”

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. ब्लॉक केलास ते बरोबरच केलंस.

आमच्याकडे मोहोरावर पहिली फवारणी झाली की अण्णांना दरवर्षी खोकला होतो. आठ दिवस खोकतात, आई काढा देते, खोकला जातो. त्यामुळे यंदाही कोणी घाबरलं नाही. यंदा काढा मी करत होतो. कॉलेज सोडल्यापासून घरात मान वर करून करता येईल असं तेवढं एकच काम मला सापडलं. कुंपणाचा आडुळसा, त्याची पिकायला आलेली पानंच घ्यायची. आलं, चार मिरी, गवती चहा, गूळ. चार पेले पाणी आटवून एक करायचं. उकळत असताना चुलीपासून हलायचं नाही, नाहीतर कडू जहर होतं. पहिल्या दिवशी मी हललो होतो. अण्णा एक घोट घेऊन म्हणाले, “काढा आहे की फवारणी? मला काय मोहोरासारखे तुडतुडे झालेत?” आई आतून म्हणाली, “पिऊन टाका. बी.एस्सी. नाही तर नाही, काढ्यात तरी पास होऊ दे त्याला.” त्या दिवशी तिघंही हसलो.

मग रात्री छातीला ओव्याची पुरचुंडी, तव्यावर गरम करून. शेजारच्या रावजीकाकांनी कांद्याचा रस नि मध सांगितला, तोही झाला. खोबरेलात कापूर घालून पाठ चोळली. पाठ चोळताना हाताला बरगड्या लागायला लागल्या, तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी आल्याचं प्रमाण वाढवलं.

तुला आठवतं का, सेकंड इयरला प्रॅक्टिकलमध्ये मी शिंकत होतो आणि तू डब्यातून सुंठ-गुळाची गोळी काढून दिलीस? मी म्हटलं, डॉक्टरांची मुलगी आणि सुंठ? तू म्हणालीस, “बाबा घरी हेच देतात. आठवडाभर घरचं, त्यात गेला नाही तर तपासायचं.” ती गोळी मी खाल्ली नव्हती. कागदात गुंडाळून ठेवली होती. तुझं अर्धं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं, घरचं. पुढचं सोडून दिलं.

परवा पेला विसळायला मागीलदारी गेलो तर अण्णांचा पंचा तिथे भिजत घातलेला होता. पाणी लाल. विचारलं तर म्हणाले, पान खाल्लं असेल. अण्णा पान खात नाहीत.

आता ते लिहितो जे मी आईलाही कालपर्यंत सांगितलं नव्हतं.

वीस डिसेंबरला तुझ्या बाबांनी मला नाक्यावर बघून स्कूटर थांबवली. म्हणाले, “सलिल, भास्करराव सोसायटीत दिसले मला. हा त्यांचा नेहमीचा खोकला नाही. उद्या घेऊन ये. तुझा-माझा विषय वेगळा.” ऑगस्टात ज्या माणसाला मी भरल्या दवाखान्यात वाटेल ते बोललो तो माणूस हे बोलत होता. तुला काय सांगितलंय कोण जाणे, खरं एवढंच आहे की मी आपल्या लग्नाचं विचारलं तेव्हा ते फक्त म्हणाले होते, आधी डिग्री घे, मग बोलू. मी खुर्ची लाथाडली, आणि निघताना दार असं आपटलं की काच तडकली. मग डिग्रीच नको म्हणून कॉलेज सोडलं. कोणाला धडा शिकवत होतो, विचारू नकोस.

नाक्यावर मला वाटलं, अण्णांच्या खोकल्याचं निमित्त करून हे मला माफी मागायला बोलावतायत. मी म्हटलं, “आमच्या कुंपणाला आडुळसा आहे.” ते स्कूटर चालू करून निघून गेले. घरी मी काहीच बोललो नाही. आईने पुढे दोनदा तुझ्या बाबांकडे न्यायचा विषय काढला, तेव्हा म्हटलं, त्या दवाखान्यात मेलो तरी पाय ठेवणार नाही. रत्नागिरीला जायचं तर दिवस मोडतो, मोहोर सोडून अण्णा यायला तयार नव्हते. मग आईनेही विषय सोडला.

मेलो तरी, म्हणालो. मरायची वेळ कोणावर आली होती ते बघ.

काल आईला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चुलीवरचं काढ्याचं भांडं उतरवलं, घासून पालथं घातलं. मग म्हणाली, “उद्या दहाला दवाखाना उघडतो. तू न्यायचंस. मी नाही येणार सोबत.”

तू तुझ्या बाबांना फोन करू नकोस. आधी वाटलं होतं, तुला तेच सांगावं. पण तोंड माझंच हवं. अण्णांना काय झालंय, उशीर किती झालाय, ते आज कळेल. नाक्यावर काय बोलणं झालं ते अण्णांच्या देखत सांगणार आहे. आणि हे पत्र तुला परत मिळवण्यासाठी नाही असं लिहिणार होतो. तेही खोटं ठरेल. थोडं त्यासाठी आहे. पण आज नाही.

रितेशची रिक्षा आली. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, मफलर गुंडाळून मघापासून पायरीवर बसलेत. आत्ताच विचारत होते, “तिथे भांडणार नाहीस ना रे?”

“नाही अण्णा.”

“मग चल. आणि दार हळू लाव, तुझी आई जरा पडलीय.”

हळू लावतो.

दवाखान्यात पेशंटसोबत कोण आलंय ते लिहून घेतात, तसंच इथे लिहितो.

सलिल,
मुलगा