वेराबाईच्या घरचे फोटो

मॉस्को, नोव्हेंबर १९८८

बाबा, जयभीम.

मी इथी बरा आहो. थंडी लय आहे, पण मायले सांगा, कोट चांगला मिळाला. तुमचा खोकला कसा आहे?

आमच्या होस्टेलात वेरा नावाची म्हातारी चाव्या सांभाळते. १९३७ साली स्टॅलिनच्या पोलिसांनी तिच्या बापाले उचललं अन् गोळी घातली. भीतीपोटी तिच्या मायनं साऱ्या फोटोंतून त्याचा चेहरा कैचीनं कापला. काल सरकारी कागद आला, तो निर्दोष होता म्हणून. बाई मले म्हणे, "आता कागद आहे, चेहरा नाई."

मी आजवर रशियाचं चांगलं तेवढंच लिहिलं. बल्लारपूरले युनियनच्या सभेत तुम्ही माझी पत्रं मोठ्यानं वाचता. हेही वाचा, बाबा. यातलं काई कापू नका.

तुमचा,
धर्मपाल