ग्रहणाच्या कितीतरी आधी

प्रिय शौनक,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण सवय जात नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हा कागद. मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच.

जाईचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तू तिची थायरॉइडची गोळी बंद केलीस. अरे शहाण्या, गोळी चालू होती म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला! पंप चालवून टाकी भरली की सोसायटीचा पंप भंगारात देतोस का तू? बोरन्हाणाच्या दिवशी आई म्हणाली, एवढ्याशा जिवाला कसल्या जन्मभर गोळ्या, आणि तू मान डोलावलीस. डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं होतं ते आईला नाही, तुला.

आणि जाईच्या आजाराचं खापर कुणावर फोडलंत? गीतांजलीवर. का, तर सातव्या महिन्यात ग्रहण लागलेलं असताना तिनं भेंडी चिरली. मी रोज लॅबमध्ये उंदरांच्या गर्भातल्या ह्याच थायरॉइड ग्रंथीचे पातळ काप बघते रे. ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून गळ्यात उतरते. माणसाच्या बाळात हे दुसऱ्या महिन्यातच उरकतं. पुढे तिच्या पेशींत एक प्रथिन दिसायला लागतं, त्यातूनच हार्मोन बनतं. कापावर रंग चढवला की ते असेल तिथे तपकिरी डाग उमटतात. मला पहिल्यांदा दिसले तेव्हा फोटो तुलाच पाठवला होता. तू विचारलंस, चहा सांडला का? तेव्हा मी हसले होते. जाईची ग्रंथी गळ्यात उतरलीच नाही, जिभेच्या मुळाशीच अडकली. स्कॅनमध्ये तू स्वतः बघितलंस. म्हणजे तुम्ही दिवस गेल्याचे पेढे वाटायच्या आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ती भेंडी तेव्हा पेरलीसुद्धा नसेल! बायकोला बोल लावले जात असताना एवढं साधं गणित तुझ्या तोंडून निघू नये?

आई सगळ्यांना सांगते, किती गुणी बाळ, डोक्यावरून विमान गेलं तरी हूं नाही की चूं नाही. विमानतळाजवळच्या तुमच्या उलव्यातली बाकीची पोरं दचकतात, जाई दचकत नाही, कारण तिच्यात तेवढं त्राणच उरलेलं नाही. तिला दुधासाठी हलवून उठवावं लागतं, अंग गार लागतं. ह्याला गुण म्हणतात? ह्याच महिन्यांत तिचा मेंदू वाढतोय. आत्ता वाया गेलेले दिवस पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी भरून येणार नाहीत. मला भयंकर राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय.

साताऱ्याची लग्नघाई आटोपून तू आणि आई घरी पोचलात की वॉचमन तुला हे पत्र देईल. वर घरात कुणी नाही. गीतांजली आणि जाई नेरूळला माझ्याकडे आहेत. तुमची गाडी गेल्यावर तिनं मला फोन केला. तक्रार केली नाही, एवढंच विचारलं, ताई, गोळी पुन्हा सुरू करू ना? मी तशीच रिक्षानं आले आणि दोघींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळी सुरू आहे. त्यांना न्यायला ये, पण आईला सोबत आण आणि तिच्यादेखत गीतांजलीची माफी माग. तोवर दोघी इथेच राहतील. आज सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि जाई दचकून रडली. घोगरं, बेसूर, पण केवढ्यानं रडली! आम्ही दोघी गॅस बंद करायचं विसरून ऐकत राहिलो.

तुझीच, पण सध्या आधी जाईची,
नमिताताई