सुलूचा डावा खांदा

२७ जून १९८८, सोमवार
मी बोलते, नात सुलू लिहिते. पाचवीत गेली, अक्षर बरं आहे. माझं 'नाय' ती बहुतेकदा 'नाही' करते. करू दे. शिकल्याचा एवढा तरी माज असावा.
आज शिंप्याकडं फ्रॉकचं माप. टेप लावता लावता थांबला. "आजी, पोरीचा डावा खांदा दोन बोटं खाली हाय. सरळ शिवला तर तिरका दिसंल." म्हटलं, "आधी तुझी टेप बघ." त्यानं परत मापलं. दोन बोटंच.
सुलू म्हणते, पाठ दुखते. दिवाळीपासून. मला तेव्हाच सांगितलेलं. मी काय म्हटलं तेही हिच्या ध्यानात आहे : "तुझ्याएवढी होते तवा मासवणच्या रानातून गवताचा भारा आणायचे." लिही, लिही. बोलले ते बोलले.

२९ जून
दप्तर उचलून बघितलं. भंगारवाल्याकडं नेलं काट्यावर ठेवायला. "अम्मा, रद्दी है क्या?" सुलूनं छातीशीच धरलं. मग ठेवलं. साडेसात किलो. मग तिलाच चढवली. बावीस.
एकच पट्टा, उजव्या खांद्यावर. घसरू नये म्हणून तो खांदा वर करून चालते. शाळा दीड मैल. आमचा भारा डोक्यावर असायचा, खाली चुंबळ, वजन सरळ पायात. अन् तोही पोटासाठी. ही काय इतिहास विकते?

१ जुलै
शाळेत गेले. भांडायच्या तयारीनं. बाई शांतपणं म्हणाल्या, "आजी, रोज चारच विषय असतात. वेळापत्रक दिलंय. सगळी पुस्तकं आणायला हिला कुणी सांगितलं?"
सुलू माझ्याकडं बघायला लागली.
तेव्हा आठवलं. एक खोली, त्यात हिचा दीड वर्षाचा भाऊ बाळ्या. त्यानं भूगोल चघळला त्या दिवशी मीच ओरडले होते, "तुझं सगळं दप्तरात. बाहेर दिसलं तर बंबात घालीन." पोरीनं ऐकलं. माझं कोण ऐकतं कधी, नेमकं हेच ऐकलं.


२ जुलै
माझी पत्र्याची पेटी रिकामी केली. लुगडी दोरीवर, पुस्तकं पेटीत, कडी लावली. बाळ्या पेटीवर बसून रडला.
शिंप्यानं दप्तराला दुसरा पट्टा शिवला. दोन्ही खांद्यांवर, जड पुस्तक पाठीला चिकटून. रोज रात्री वेळापत्रक ती वाचणार, पुस्तकं मी काढून देणार. मला रंगावरून कळतात. गणित निळं.

४ जुलै
"दोन पट्टे बघून मुली हसतात. माकडीण म्हणतात."
म्हटलं, "सांग, माकडिणीची पाठ दुखत नाय."
हसली नाही.

७ जुलै
आजचं सूनबाईच्या, शैलाच्या हातचं. सुलूनं वाचायचं नाही. पानाला टाचणी मारायची.
पालघरला हाडांचा डॉक्टर. तिला पुढं वाकवलं, पाठीवरून नजर फिरवली. फोटो काढला. तिला बाहेर बसवून म्हणाला, "मणका थोडा कलतोय. वाकल्यावर पाठ दोन्हीकडं सारखी दिसली तर उभं राहायची सवय. एका बाजूला उंचवटा राहिला तर हाडातलं. थोडासा वाटतोय, पण आज नक्की सांगत नाही."
"दप्तरानं झालं?"
"तसं म्हणता येत नाही. पण दुखणं त्यानं वाढतं. वजन कमी ठेवा. तीन महिन्यांनी आणा. वाढलं असेल तर पाठीला पट्टा बांधावा लागेल. दोनतीन वर्षं."
शैलाचं पेन थांबलं. म्हटलं, लिहून घे, मग रड.
अकराव्या वर्षी पट्टा. आणि तिला बोलणारी मी.

९ जुलै
टाचणी नाही.
"वाचलंस?"
"नाय."
"मग टाचणी कुठं गेली?"
"गंजली असेल."
दोन दिवसांत गंजली. आमच्या बोईसरची हवा वाईट म्हणतात ते खरं.

१८ ऑगस्ट
दप्तर तीन किलो. भंगारवाला आता पैसे नको म्हणतो, नुसता काटा देतो. दुखणं कमी म्हणते. माझ्यासाठी म्हणते की खरंच, कळत नाही. मी विचारते म्हणून चालताना खांदे ओढून चालते. मी पाठ वळवली की परत...

५ ऑक्टोबर, बुधवार
उद्या पालघर. हिच्या बापानं कामाची पाळी बदलून घेतली. शैला भाजीला गेली आहे.
सुलूनं आपण होऊन दार लावलं, पाठीवरचं बटण काढलं, वाकली. "बघ. डाक्टरनं बघितलं तसं."
मानेपासून कंबरेपर्यंत बोट फिरवलं. परत फिरवलं. मग दोन्ही बाजूंना तळवे ठेवले.
"काय वाटतं?"
"हात खरखरीत झालेत. कळत नाय."
"खोटं."
"लिही मग. आजी खोटं बोलते."
लिहिलं. पुढं काय लिहू, विचारते. मी सांगत नाही. पेन टेकवून माझ्या तोंडाकडं बघत बसली आहे.