मंडळीच्या नावाचा विमा

धामणगाव बढे,
ता. १४ फेब्रुवारी १९३२

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या तुळशीरामाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहेत, वहिनींचा खोकला गेला, आणि दुकान आपल्यावाचूनही वेळेवर उघडते (हे वाचून आपण दुखावू नये). सोनाळ्याच्या वैद्यबुवांच्या लेपाने आपला गुडघा कितपत वळतो ते कळवावे. पूर्ण वळत असला तरी लगेच परतू नये. हे पत्र वाचून मन शांत होईपर्यंत तिथेच राहावे.

गेल्या दिवाळीत मी आयुष्याचा विमा उतरवला. दोन हजारांचा. हप्ता मलकापूरच्या कापसाच्या जिनातल्या माझ्या हंगामी पगारातून जातो, दुकानाच्या गल्ल्यातून नव्हे. आपल्याला सांगितले नाही ते केवळ धाकामुळे. एजंट आपले वरवट बकालचे निजामभाई. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इतर एजंट मरणाची भीती घालतात; हे अर्धा तास माझ्या तब्येतीची तारीफ करत बसले, इतकी की मग विमा हवाच कशाला असे मला वाटू लागले. तेव्हा हळूच म्हणाले, "हप्त्यावर इन्कमटॅक्स माफ होते, तुळशीरामभाऊ." मी म्हणालो, मला इन्कमटॅक्स लागतच नाही. "मंग तं पुराच माफ!"

पण खरी गोष्ट ते नंतर बोलले. म्हणाले, "शेत, दुकान सारं एकत्रातलं. तुम्हाले दोन पोरीच. उद्या तुम्ही नसले तं वाटा भावाकडं जाईन, बाईले फक्त पोटगी. बायको-पोरीच्या नावानं इमा काढला तं ते अमानत झाली. तिले ना भाऊबंद हात लावू शकत, ना सावकार, ना खुद्द तुम्ही." हे शेवटचे मला फारच आवडले. माझ्या हातापासून सुरक्षित असे आमच्या घरात काहीच नाही, गुळाची ढेपसुद्धा. (आपल्यावर अविश्वास नाही, दादा. आपण असेपर्यंत हिला काही कमी पडणार नाही. पण आपण माझ्याहून अकरा वर्षांनी वडील, आणि पुतण्यांच्या बायका अजून यायच्या आहेत.)

निजामभाईंनी इंग्रजी फॉर्म काढून विचारले, पैसे कोणाच्या नावाने? आता बायकोचे नाव मी तोंडाने कसे घेणार? लग्नाला एकोणीस वर्षे झाली, एकदाही घेतलेले नाही. बोलवायचे झाले की खोकतो. (परवाच्या थंडीत मला खरी सर्दी झाली, तेव्हा ती बिचारी दिवसभर धावत होती.) म्हणून चारचौघे बायकोला म्हणतात तसे म्हणालो, "मंडळीच्या नावानं लिहा." त्यांनी लिहिले, मी सही ठोकली.

गेल्या सोमवारी टपालाने पॉलिसी आली. जाड कागद, वर शिक्का. मी ती देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले. निजामभाई मुद्दाम भेटायला आले होते, त्यांना चहा झाला. तेवढ्यात दाराआडून ही बोलली, "भाऊ, त्याच्यात मह्यं नाव कुठं हाय ते बोट ठिवून दाखवा बरं." निजामभाईंचे बोट कागदावर फिरत राहिले, टेकेना. हिने पोरींची पाटी पुढे सरकवली. "मह्यं नाव इंग्रजीत लिहा." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खोकलो. शेवटी तिनेच सांगितले, "अन्नपूर्णा."

दादा, मराठी चौथी शिकलेली ही बाई पाटी शेजारी ठेवून, तांदूळ निवडावेत तशी, सगळी पॉलिसी अक्षर अक्षर जुळवत गेली. एके ठिकाणी तिला आपले निम्मे नाव सापडले. पण तो 'वार्षिक हप्त्या'तला इंग्रजी 'ॲन्युअल' निघाला. मग म्हणाली, "हे दोन सारखे अक्षर एकमेकांले चिकटून बसेल हायेत ना, ते अजून कुठंच नाहीत."

नव्हतेच. नावाच्या जागी इंग्रजीत लिहिले होते, 'भगवंतराव आणि मंडळी'. म्हणजे आपले दुकान! निजामभाईंनी कपाळावर हात मारला. "तुमीच तं म्हनले, मंडळी! हरखेपी तुमच्या दुकानाच्या पाटीखालून येतो मी. मले काय मालूम, तुमची मंडळी चुलीजवळ हाय!"

तेव्हा मी मेलो की दोन हजार दुकानात, आणि कापसाचा भाव पाहता दुकानातून कर्जापोटी थेट आडत्याच्या घरी. हिला पोटगी. ही रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बरं झालं. तुमच्यामागं दुकानाले नवी पाटी तरी येईन." निजामभाई जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, कंपनीनं मले काढून ह्या बाईले ठेवावं." मी मान डोलावली. असा अभिमान मला स्वतःचा कधी वाटला नाही.

लहानांस आशीर्वाद. लोभ आहेच.

आपला,
तुळशीराम

ता. क. – सोबत एक कागद जोडला आहे. या विम्यावर दुकानाचा हक्क नाही, अशी आपण सही केलीत तर कंपनी नाव बदलून देते. निजामभाई या कागदाला 'फारकत' म्हणतात. तो शब्द वहिनींनी ओसरीवरून अर्धवट ऐकला आणि "कोनाची? कोनाची?" करत पिठाच्या हातांनी धावत आल्या.

दुसरी ता. क. – सगळे समजल्यावर वहिनींनी आपली पेटी उघडली. तीन वर्षांपूर्वी आपणही निजामभाईंकडून विमा उतरवलात, आणि तोही आम्हाला न सांगता! पाटी पुन्हा काढली. दादा, आपणही 'मंडळी'च म्हणालात. म्हणजे आपल्यामागे पैसे दुकानात, आणि दुकान माझ्या हाती. मी त्याची फारकत आपल्या सहीची वाट न पाहता लिहून, सही करून पेटीत ठेवली आहे. फक्त वहिनींचे नाव लिहायचे मला धारिष्ट्य झाले नाही, ती जागा कोरी आहे. आल्यावर आपणच भरावी. तिथे खोकून चालणार नाही.