नट अण्णाकडे, बोल्ट माझ्याकडे

शनिवार पेठ, सातारा
७ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. गोदाअक्का हीस,
धाकट्या गंगाधरचा सा. न. वि. वि.

गणपतीपासून तुला पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण वेळ होता. डायरी रोज लिहीत होतो. तुला लिहायचं म्हणजे अण्णाचा विषय निघणार, म्हणून टाळलं.

आम्ही रंगीत टीव्ही घेतला. खोलीच्या एका भिंतीला दार, दुसरीला खिडकी, तिसरीला फडताळ. उरली मधली भिंत, जिच्या पलीकडे अण्णाचं बिऱ्हाड. तीच, जी पावसात गळते आणि जी कुणी दुरुस्त करायची यावरून आम्ही दोघं चार वर्षं बोलत नाही. त्याच्या मते भिंत माझी, माझ्या मते त्याची. लोकांचे भाऊ भिंत मिळावी म्हणून भांडतात, आम्ही मिळू नये म्हणून. हे डायरीतही लिहून ठेवलं आहे.

केरबा गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, आवं मास्तर, ही मातीची भिंत खिळा धरत न्हाई. टीव्ही ठेवायच्या लोखंडी घोडीला आरपार बोल्ट घालू, पलीकडनं नट आवळू, मग हत्ती टांगा. अण्णाकडची मंडळी तेव्हा औंधला यमाईला गेली होती. बोल्ट घातले, टीव्ही चढवला, आणि मग केरबाच्या ध्यानात आलं की पलीकडच्या दाराला कुलूप आहे. चारी नट माझ्या हातावर ठेवून उद्या येतो म्हणाला, तो कोयनानगरला दुसऱ्या कामावर गेला तो गेलाच.

तेव्हापासून टीव्ही नटांवाचून लटकतोय. खाली टीपॉय, त्यावर ट्रंक, ट्रंकेवर उशा. हिचं म्हणणं, शेजारी जाऊन चार नट द्यायला तुमचं काय जातं. माझं जातं असं की, भोक मी पाडलं हे सांगितलं की भिंत माझी ठरते. हा हट्ट आहे की तत्त्व, मला ठरवता येत नाही. तरी तू अण्णाला लिही की भिंतीतून आलेल्या बोल्टांना नट लाव. मी सांगितलं असं लिहू नकोस.

तुझा लोभ आहेच, तो टीव्हीपेक्षा घट्ट बसलेला असो.
तुझा गंगाधर


गावभाग, सांगली
१२ ऑक्टोबर १९९६

चि. गंगाधर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना जेवताना वाचून दाखवलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. हातभर भिंतीपलीकडचा निरोप सांगलीमार्गे पाठवणारा तू पहिलाच. आणि शहाण्या, नट तुझ्या खिशात, मग अण्णाने लावायचं काय, कपाळ? तरी त्याला लिहिलं आहे. तू सांगितलंस असं मी सांगितलेलं नाही.

आता माझं ऐक. गेली चार वर्षं भाऊबीजेला मी सकाळी अण्णाकडे ओवाळते नि जेवते, मग अंगणातून फिरून तुझ्याकडे पुन्हा ओवाळते नि पुन्हा जेवते. दोघी भावजया बासुंदीच करतात आणि दोघी आग्रह करतात. मला आता साखर सोसत नाही, आणि हे त्याहून सोसत नाही. यंदा तुम्ही दोघं एका खोलीत शेजारी शेजारी पाटावर बसणार असाल तर येईन. नाहीतर इथेच गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळीन, हे अण्णालाही लिहिलं आहे. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतातच. त्याला मधली भिंत तरी नाही.

तुझ्या अबोलीला पापा. माया कमी झालेली नाही, पण गृहीत धरू नये.
अक्का


सातारा
१७ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. अक्कास अण्णाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. औंधहून येऊन बघतो तर आमच्या भिंतीतून (आमच्या हा शब्द खोडला समज) चार लोखंडी बोटं बाहेर आलेली. आधी दचकलो, मग म्हटलं, सोय झाली. एकावर छत्री, दुसऱ्यावर पिशवी, तिसऱ्यावर माझी कानटोपी. चौथं हिने टॉवेलसाठी घेतलं.

बोल्ट गंगूने घातले, म्हणजे भिंत त्याची हे त्याने कबूल केलं. मी नट लावले की ती माझीही होणार. इतका मी खुळा नाही. शिवाय छत्री कुठे ठेवू?

एक लिहितो, ते त्याला कळवू नकोस. बोल्ट रोज थोडे थोडे आत जातायत. परवा टॉवेल पडला. तेव्हापासून निजायच्या आधी मी ते धरून बाहेर ओढून ठेवतो. टीव्ही कोसळला तर अबोलीच्या अंगावर पडायचा. बाकी मला काही नाही.

चंद्राचं तू खरंच मनावर घेतलंस का, असं ही विचारते आहे.

कळावे. लोभ दोन्ही बिऱ्हाडांवर सारखा ठेव, आमच्यावर किंचित जास्त.
अण्णा


सांगली
२२ ऑक्टोबर १९९६

चि. अण्णा आणि चि. गंगाधर यांस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र कार्बन घालून लिहिलं आहे, दोघांना एकच. खालची प्रत ज्याला येईल त्याने मानापमान काढू नये.

घराची वाटणी झाली तेव्हा मी सही करून मोकळी झाले, काही मागितलं नाही. आता मागते. ती मधली भिंत मला भाऊबीज म्हणून घाला. मग ती अण्णाचीही नाही आणि गंगाधरचीही नाही. माझ्या भिंतीत कुणी बोल्ट घातला आणि कुणी टोपी टांगली, ते मी बघून घेईन. गळतीही माझीच, ती थांबवायला मला दोन भाऊ आहेत.

उत्तर सांगलीला पाठवू नका, एकमेकांना द्या. टपालखात्यावर आपण पुष्कळ उपकार केले.
दोघांचीही, अजून तरी, अक्का


सातारा
२९ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. गोदाअक्का हीस,
दोघा भावांचा सा. न. वि. वि.

उत्तर पाठवू नको म्हणालीस. हे उत्तर नव्हे, हकीकत आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. खालची प्रत मला. मानापमान काढला नाही. शेजारी जायचं ठरवून चपला घातल्या. मग थोरल्याने यावं की धाकट्याने जावं, या विचारात पुन्हा काढल्या. अण्णाही तेव्हाच आपल्या दारापर्यंत येऊन मागे फिरला होता, असं नंतर कळलं.

संध्याकाळी बातम्या बघत होतो आणि जमीन हलली. कोयनेचा नेहमीचा धक्का, फडताळातली भांडी वाजली इतकाच. पण टीव्ही पुढे झुकला. मी धावून त्याला मिठी मारली, आणि तोंडातून निघालं ते, अण्णा, धर. पलीकडून आवाज आला की धरलंय रे, तू सोडू नकोस. छत्री, टोपी सगळं भिरकावून त्याने दोन्ही हातांनी बोल्ट पकडले होते. चार वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे.

मग दोघं तसेच उभे. नट माझ्या खिशात, हात टीव्हीला. अण्णाने विचारलं, नट कुठल्या खिशात आहेत. डाव्या, म्हटलं. म्हणाला, गोट्याही त्यातच लपवायचास. मला हसू आलं, टीव्ही हलला, म्हणून तो ओरडला. शेवटी हिने माझ्या खिशातून नट काढले आणि अंगणात वहिनींनी ते पदरात घेतले, संक्रांतीचं वाण घ्यावं तसे.

आता अण्णा रोज संध्याकाळी आपले नट नीट आहेत का ते बघायला आमच्याकडे येतो. नट त्याच्या खोलीत आहेत हे कुणी त्याला म्हणत नाही. अबोली म्हणाली, काका, टीव्हीतही पुष्कळ नट आहेत, ते बघा. ते तो मालिका संपेपर्यंत बघतो.

भिंत तुला दिली. देताना दोघांना इतकं हायसं वाटलं की मला जरा लाज वाटली. पाट अण्णाच्या खोलीत, शेजारी शेजारी. माझ्या टीव्हीखाली बसायला तो तयार नाही. नटांची हमी देतो, बोल्टांची नाही, म्हणतो. तेव्हा चंद्राला यंदा तुला सवड नाही असं कळव. बासुंदी एकदाच होईल. कुणी करायची, यावर दोघी जावांचं अजून ठरत नाही.

लोभ आता भिंतीतून आरपार गेला आहे, तो तसाच आवळलेला राहावा.
तुझा गंगाधर

ता. क. नट बसल्यापासून बोल्टांवर काही टांगता येत नाही, म्हणून अण्णाची छत्री खुर्चीवर पडलेली असते. आत्ताच डायरीत लिहिलं, तेच इथे उतरवतो. उद्या : अण्णाच्या छत्रीसाठी एक लाकडी खुंटी आणणे.